नौकातळाचा पहारा : शिडाच्या नौकेतील तळपंप आणि यंत्रणांचे निरीक्षण

शिडाच्या नौकेत पायाखालच्या फळ्या उचलल्या, की नौकेच्या कण्यालगत एक अरुंद, अंधारी पोकळी दिसते. खलाशी तिला बिल्ज म्हणतात. नौकेत कोठूनही शिरलेले पाणी अखेर येथेच उतरते. त्याच्यासोबत डिझेलचे थेंब, वंगणतेल, केस आणि कागदाचे कपटेही येतात. प्रस्तुत लेखात या जागेस नौकातळ, तेथे साचणाऱ्या पाण्यास तळपाणी आणि ते उपसणाऱ्या पंपास तळपंप म्हटले आहे. नौकातळ कोरडा राखणे हे काम वरवर किरकोळ वाटते, परंतु पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या नौकेचे आयुष्य त्यावरच अवलंबून असते. या कामात उपशापेक्षा पहाऱ्याला अधिक मोल आहे, हे येथे सप्रमाण मांडावयाचे आहे.

पाणी आत येण्याचे मार्ग अनेक आहेत. नौकेच्या कवचाला काही छिद्रे मुद्दाम पाडलेली असतात. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी घेणारे एक, शौचकूप आणि मोरीसाठी काही, खोली व वेग मोजणाऱ्या संवेदकांसाठी आणखी काही. छिद्रावर झडप आणि झडपेला रबरी नळी अशी सर्वसाधारण रचना असते. नळी आवळणारी क्लिप गंजून तुटली, की समुद्राला आत यायला वाट मिळते. प्रोपेलरचा दांडा कवचातून बाहेर पडतो तेथे पाणी रोखणारी ग्लँड असते. जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून दांडा फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब गळणे अपेक्षितच असते, कारण त्या पाण्यानेच ती थंड राहते. मिनिटाला तीन थेंब या हिशेबाने दिवसभरात सुमारे दोनशे मिलिलिटर पाणी जमा होते. याशिवाय पोकळ डोलकाठीच्या आतून पावसाचे पाणी ओघळते, छताच्या झाकणांतून लाटांचे शिंतोडे येतात, पिण्याच्या पाण्याची टाकी पाझरते. म्हणून तळपाणी दिसताच अनुभवी खलाशी प्रथम बोट बुडवून चव पाहतो. पाणी गोडे असेल तर चूक घरातली आहे. खारे असेल तर शोध ताबडतोब घ्यावा लागतो.

छिद्र केवढे आणि पाणी किती, हे गणित प्रत्येक नौकास्वामीने एकदा तरी मांडून पाहावे. टॉरिचेल्ली यांच्या नियमानुसार पाण्याच्या पृष्ठभागापासून १ मीटर खोलीवरील छिद्रातून पाणी सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने आत येते. छिद्राचा व्यास २५ मिलिमीटर म्हणजे जेमतेम एक इंच धरला आणि कडांमुळे होणारी घट वजा केली, तरी मिनिटाला सुमारे ७८ लिटर, म्हणजे तासाला ४,७०० लिटर पाणी आत येते. व्यास दुप्पट झाला तर पाणी चौपट होते. आता पंपाकडे पाहू. ‘ताशी २,००० गॅलन’ अशी चिठ्ठी असलेला पंप कागदावर तासाला सुमारे ७,५७० लिटर पाणी फेकतो. ही चाचणी मात्र पाणी मुळीच वर न चढवता, पूर्ण दाबाच्या विजेवर घेतलेली असते. नौकेत पाणी मीटर-दीड मीटर वर चढवावे लागते, नळीला वळणे असतात, तारेत विजेचा दाब घटतो, आणि प्रत्यक्ष उपसा अनेकदा निम्म्यावर येतो. याचा अर्थ असा, की एक इंची भगदाड पुष्कळांच्या नौकेतील मोठ्या पंपालाही हरवू शकते. पंपाचे काम गळती जिंकण्याचे नाही. छिद्र शोधून त्यात लाकडी पाचर ठोकेपर्यंतचा वेळ मिळवून देणे हे त्याचे काम आहे. शहाणे खलाशी प्रत्येक झडपेशेजारी त्या मापाची निमुळती पाचर दोरीने बांधून ठेवतात, ती याचसाठी.

तळपंपांचे मुख्य प्रकार तीन आहेत. केंद्रोत्सारी पंप पाण्यातच बसतो. फिरत्या पात्यांच्या साहाय्याने तो भरपूर पाणी फेकतो, किंमतीने स्वस्त असतो, पण उंची वाढली की थकतो. पडदा पंप लवचिक रबरी पडदा मागेपुढे हलवून पाणी ओढतो. त्याचा उपसा कमी, परंतु तो कोरड्या जागी बसवता येतो, थोडा वेळ कोरडा चालला तरी जळत नाही आणि नौकातळातील शेवटचे पाणीही शोषून घेतो. तिसरा हातपंप. त्याला वीज लागत नाही, एवढा एकच गुण त्याला प्रत्येक नौकेत मानाचे स्थान मिळवून देतो. त्याचा दांडा सुकाणूजवळ बसूनही मारता आला पाहिजे, म्हणजे एकटा खलाशी एका हाताने दिशा सांभाळून दुसऱ्या हाताने उपसा करू शकतो.

शिडाच्या नौकेची एक अडचण यांत्रिक नौकेला फारशी नसते. वाऱ्याच्या दाबाने ती वीस-पंचवीस अंशांनी कलते आणि दिवसचे दिवस तशीच कललेली चालते. सपाट तळाच्या नव्या नौकांत अशा वेळी तळपाणी मध्यभागचा पंप सोडून कललेल्या बाजूच्या कपाटांमागे चढते. पंप कोरडा राहतो आणि अंथरुणे भिजतात. कलल्यामुळेच पंपाचे बाहेरचे तोंड पाण्याखाली गेले, तर सायफनच्या तत्त्वाने समुद्राचे पाणी त्याच नळीतून उलटे आत येऊ लागते. ज्या यंत्राने नौका वाचवायची तेच तिला भरू लागते, आणि असे प्रकार घडलेले आहेत. म्हणून नळीला पाण्याच्या रेषेच्या बरेच वर उलटे वळण देऊन त्याच्या माथ्यावर हवा घेणारी झडप बसवतात. एकदिश झडप लावून हे काम भागेल असे पुष्कळांना वाटते. तिच्यात कचरा अडकला की ती बंदही होत नाही आणि पूर्ण उघडतही नाही. तळपंपाच्या नळीत ती टाळलेलीच बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून त्याला तरंगकळ जोडतात. पाणी चढले की कळीचा हलका भाग तरंगून उचलला जातो, आतील संपर्क जुळतो आणि पंप चालू होतो. मराठवाड्यातील मुखेडच्या परिसरातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरजच नाही. विहिरीतील पाणी खाली गेले की मोटार बंद पाडणारी ड्राय-रनची सोय, रात्री थ्री फेज आल्यावर घरबसल्या मोटार चालू करणारा मोबाईल स्टार्टर, मोटार खरोखर पाणी ओढते आहे की नुसतीच फिरते आहे हे विद्युतप्रवाहाच्या आकड्यावरून ओळखणे, ही सर्व विद्या नौकेतही जशीच्या तशी लागते. फरक हेतूचा आहे. विहिरीवर पाणी संपण्याची भीती, नौकेत पाणी वाढण्याची. तरंगकळ हा या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा होय. एखादी आगपेटीची काडी किंवा डबाबंद मालावरचा सुटलेला कागद तिच्याखाली अडकला, की ती वर किंवा खाली रुतून बसते. वर रुतली तर पंप कोरडा फिरून बॅटरी संपवतो; खाली रुतली तर पाणी निमूटपणे वाढत राहते. धारिता मोजणारे इलेक्ट्रॉनिक संवेदक आता मिळतात आणि त्यांत हलणारा भागच नसतो. नौका डोलताना पाणी इकडून तिकडे हिंदकळते, त्यामुळे असा संवेदक काही सेकंद पाणी स्थिर दिसल्यावरच हुकूम देईल, अशी त्याची रचना करावी लागते.

निरीक्षणाची खरी विद्या येथून पुढे सुरू होते. तळपंप सुरू झाला, पाणी बाहेर गेले आणि पंप थांबला, म्हणजे यंत्रणा ठीक आहे, असा समज होतो. परंतु आपले काम चोख करणारा स्वयंचलित पंपच गळती लपवतो. काल दिवसातून दोनदा चालणारा पंप आज आठ वेळा चालला आणि उद्या तीस वेळा चालणार असेल, तरी फळ्यांखालचा तळ प्रत्येक वेळी कोरडाच दिसेल. ज्या रात्री बॅटरी संपेल त्या रात्री सत्य एकदम कळेल. यावर उपाय साधा आहे: पंपाच्या वीजवाहिनीवर गणक बसवणे. पंप किती वेळा चालला आणि एकूण किती मिनिटे चालला, हे दोन आकडे रोज ठराविक वेळी नोंदवहीत लिहिले, की गळतीचा कल समजतो. प्रत्येक खेपेस दहा लिटर पाणी जाते असे मोजून ठेवले असेल, तर सहा खेपा म्हणजे साठ लिटर. खेपा वाढल्या पण प्रत्येक खेप आखूड झाली, तर नळीतील पाणी परत उतरून पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा उपसत असावा. एकच खेप लांबली, तर चाळणी तुंबली असावी किंवा विजेचा दाब घटला असावा. आकड्यांवरून रोग ओळखणे ही या विषयातील सर्वांत रम्य गोष्ट आहे.

गणकाच्या जोडीला उच्चपातळीचा भोंगा हवा. त्याची तरंगकळ पंपाच्या कळीपेक्षा वर, परंतु फळ्यांच्या बरीच खाली बसवावी; त्याची तारही वेगळी असावी. दोहोंची कळ, तार किंवा फ्यूज सामाईक ठेवला, तर एकाच बिघाडाने दोन्ही मुकी होतात.

हा पहारा फार प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजचा राजा हिएरॉन याने बांधवलेल्या ‘सिराकूसिया’ या प्रचंड जहाजाचा तळ आर्किमिडीज यांच्या मळसूत्राने एकटा माणूस उपसत असे, असे अथेनिअस या ग्रीक ग्रंथकाराने नमूद केले आहे. पुढे शिडांच्या युद्धनौकांवर सुताराचे एक ठरलेले कर्तव्य असे: पंपाच्या विहिरीत खुणांची कांब सोडायची आणि ती किती भिजली ते पाहून कप्तानाला पाण्याची उंची सांगायची. लाकडी जहाज थोडे पाझरणारच हे सर्वांना मान्य होते. पाझर कालच्यापेक्षा वाढला का, एवढाच प्रश्न असे.

मुंबईशी निगडित एक उदाहरण येथे अवश्य सांगितले पाहिजे. ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत बांधली गेली आणि १९६४ मध्ये पाण्यात उतरली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फाल्मथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. कोठेही न थांबता एकट्याने केलेली ही जगातील पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय. अटलांटिक महासागरात असतानाच नौका नेहमीपेक्षा जास्त पाणी घेऊ लागली होती. पंप मारण्याच्या पाळ्या वाढल्या, यावरून त्यांनी गळती ओळखली. पाण्यात उतरून पाहिले तेव्हा कण्याजवळील फळ्यांची सांध उघडी पडलेली दिसली. त्यांनी श्वास रोखून पुन्हा पुन्हा बुडी मारली, सांधीत कापूस ठासला, त्यावर कॅनव्हासची पट्टी आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा खिळ्यांनी ठोकला. मुंबईच्या सागवानाने आणि त्या तांब्याच्या पत्र्याने पुढची सारी पृथ्वी पार केली. त्यांच्यापाशी विजेचा गणक नव्हता. स्वतःचे हात हाच त्यांचा गणक होता.

नॉक्स-जॉन्स्टन यांची ही प्रदक्षिणा एका स्पर्धेचा भाग होती; तिच्याच २०२२ मधील आवृत्तीत उलटे उदाहरण घडले. फिनलंडचे तापिओ लेहतिनेन १८ नोव्हेंबर २०२२ रोजी दक्षिण हिंदी महासागरात झोपेतून जागे झाले तेव्हा ‘अस्टेरिया’ नौकेत मागील बाजूने पाणी भरत होते. पाच मिनिटांच्या आत पाणी डेकपर्यंत चढले, ते तराफ्यावर उतरले आणि नौका बुडाली. त्यांच्या आणीबाणी-प्रक्षेपकाने उपग्रहामार्फत संकेत पाठवला. मदतीसाठी नौका वळवण्यास ज्या स्पर्धकांना सांगण्यात आले, त्यांत भारताचे अभिलाष टॉमीही होते. दुसऱ्या दिवशी सहस्पर्धक कर्स्टन नॉइशेफर यांनी लेहतिनेन यांना वाचवले. पाच मिनिटांच्या मुदतीत कोणताही तळपंप निरुपयोगी ठरतो. अशा वेळी जलरोधक आडभिंती नौका तरंगती ठेवू शकतात आणि लवकर मिळालेली सूचना माणसाला वाचवते.

भारतीय नौदलाच्या सागरी प्रदक्षिणांचा इतिहास मराठी माणसाने अभिमानाने वाचावा असा आहे. या कल्पनेचे प्रवर्तक व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे निवृत्तीनंतर फलटणजवळील विंचुर्णी येथे राहत. त्यांच्या प्रेरणेने गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ तयार झाली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी तिच्यातून मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. पाठोपाठ अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात त्याच नौकेतून न थांबता प्रदक्षिणा केली. त्याच कारखान्यातील ‘तारिणी’ १८ फेब्रुवारी २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्यातून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. परतीच्या वाटेवर सुकाणूयंत्रणेत बिघाड झाल्याने त्यांना मॉरिशसला थांबावे लागले. दुसऱ्या मोहिमेत दिल्ना के. आणि रूपा ए. या दोघीच जणी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैलांचा प्रवास करून २९ मे २०२५ रोजी परतल्या. दोनच माणसे असली, की एक झोपलेली असताना शीड, हवामान, रेडिओ आणि यंत्रे ही सर्व जबाबदारी दुसरीवर येते. अशा नौकेत संवेदक हा तिसरा खलाशी ठरतो.

मराठवाड्याचाही या विषयाशी एक धागा जुळतो. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील एक जहाज रंगवलेले आहे. त्या चित्राच्या आधारे, एकही खिळा न वापरता, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून आणि सांधी नैसर्गिक राळेने बुजवून एक जहाज दांडेकर यांच्याच गोव्यातील कारखान्यात केरळी कारागिरांच्या हातून साकार झाले. ‘कौंडिण्य’ या नावाने ते २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात सामील झाले आणि वर्षअखेरीस पोरबंदरहून मस्कतच्या सफरीवर निघाले. शिवलेले कवच लाटेसोबत लवते, हा त्याचा गुण. त्याबरोबर त्याच्या सांधी जिवंत राहतात आणि थोडे पाणी झिरपू देतात. अजिंठ्याच्या काळातील व्यापारीही तळपाण्यावर नजर ठेवूनच समुद्र ओलांडत असणार, हे वेगळे सांगावयास नको.

तळपंपाचा पहारा एकटा उभा राहू शकत नाही, कारण पंप बॅटरीवर जगतो. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली आणि विसावलेली असता सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते. लिथियम लोह फॉस्फेट बॅटरीत हा आकडा जवळजवळ शेवटपर्यंत स्थिर राहतो, म्हणून तेथे व्होल्टमापकावर विसंबणे धोक्याचे. तिच्या ऋण तारेत शंट नावाचा अतिसूक्ष्म रोध बसवून आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजतात आणि त्याचा हिशेब ठेवतात. ८ अँपिअर खाणारा पंप १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतील निम्मी वीज जेमतेम सहा तासांत संपवतो. तळपंपाची तार मुख्य खटक्याला वळसा घालून, स्वतंत्र फ्यूजमार्फत थेट बॅटरीला जोडावी, असा दंडक आहे. मालक खटका बंद करून घरी गेला तरी पंप जागा राहिला पाहिजे. खाऱ्या दमट हवेत तांबे काळवंडते, म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरतात. नौकेतील बिघाडांचे मूळ यंत्रापेक्षा जोडणीतच अधिक वेळा सापडते.

स्वयंपाकाचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो पाण्यासारखाच खाली उतरून नौकातळात साचतो आणि पंपाच्या एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून वायूसंवेदकही तळाशीच लावतात. तळपाण्यात तेल असेल तर ते बेलाशक समुद्रात फेकता येत नाही. मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार मोठ्या जहाजांसाठी तेलाची मर्यादा दशलक्ष भागांत १५ भाग इतकी आहे. लहान नौकेत तेल शोषणाऱ्या गाद्या तळात ठेवून काम भागते.

आज ही सारी मापे एकाच तारेवरून फिरतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये मोटारगाड्यांसाठी सादर केलेल्या कॅन या संदेशवहन पद्धतीवर एनएमईए २००० हे सागरी जालक उभे आहे. वारा, खोली, इंजिनाचे तापमान, टाक्यांतील पातळी, बॅटरी आणि तळपाणी हे सर्व एका पडद्यावर दिसते. किनाऱ्यालगत असताना सिमकार्डाद्वारे मालकाच्या मोबाईलवर इशारा येतो. खोल समुद्रात उपग्रहावाचून पर्याय नाही. अल्पखर्चाचे सूक्ष्मसंगणक वापरून हौशी मंडळी अशी यंत्रणा घरीही जुळवतात.

नांगरून ठेवलेल्या रिकाम्या नौकेला या सूचनेची गरज सर्वाधिक असते. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढ्या पावसात ३ चौरस मीटरच्या उघड्या बैठकीचा निचरा एका पानाने तुंबला, तर २,८०० लिटरांहून अधिक पाणी नौकेत जाईल. पावसाळ्यात कोकणात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारण्याची रीत आहे, ती पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे.

ज्यांच्याकडे लहान नौका आहे किंवा जे पुढे घेऊ इच्छितात, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: हातपंप आणि बादली नौकेत असतेच, मोठा विद्युतपंप सवडीने घ्यावा, परंतु स्वतंत्र तारेवरचा भोंगा आणि खेपा मोजणारा गणक ही दोन स्वल्प किंमतीची साधने पहिल्याच दिवशी बसवावीत. त्यांतही एकच परवडत असेल, तर भोंगा घ्यावा आणि दर महिन्याला त्याची तरंगकळ हाताने उचलून तो खरोखर वाजतो की नाही, हे पाहावे.